मुळशीत हिंसा कुणी केली?

आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना जे ‘अं’, ‘म्हणजे’, ‘तर’ होतं ते थोडं कमी केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका सोप्या प्रश्नाने करू. पुण्यात सेनापती बापट रोड आहे. मुंबईत दादर-माटुंग्याकडेही सेनापती बापट मार्ग आहे. कॅबवाल्याला आपण नुसतं ‘एसबी रोड’ म्हणतो आणि मोकळे होतो. पण हे सेनापती कुठल्या सैन्याचे? कुठल्या लढाईत ते सेनापती झाले?

ती लढाई पुण्यापासून फार लांब झाली नाही. चांदणी चौकातून पौडच्या रस्त्याला लागलात की तासा-दीड तासात तुम्ही तिथे पोचता. मुळशी. आज आपण तिथे पावसाळ्यात भजी खायला, ताम्हिणीचे धबधबे बघायला, तलावाकाठी फोटो काढायला जातो. तो तलाव म्हणजेच त्या लढाईचा निकाल आहे. शेतकरी हरले, म्हणून तो तलाव आहे.

आधी गोष्ट, थोडक्यात

पहिलं महायुद्ध संपता संपता मुंबईला वीज हवी होती. गिरण्या होत्या, ट्राम होत्या, शहर वाढत होतं आणि कोळसा यायचा पार बंगाल-बिहारकडून. दुसरीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो पडतो, आणि कोकणाच्या बाजूला एकदम सरळ उतार आहे. वर पाणी अडवा, डोंगरातून पश्चिमेला खाली सोडा, वीज तयार. टाटांनी खोपोलीला १९१५ मध्ये हे करून दाखवलं होतं. त्यांची टाटा पॉवर कंपनी १९१९ मध्ये उभी राहिली. तिची योजना होती मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायची.

अडचण एकच. तिथे माणसं राहत होती. पन्नासहून जास्त गावं, सुमारे ११ हजार माणसं. तेव्हा या भागाला ‘मुळशी पेटा’ म्हणत. भाताची खाचरं, आणि भात म्हणजे आंबेमोहर, ज्याच्यासाठी मुळशीचं नाव आजही घेतलं जातं.

१६ एप्रिल १९२१. रामनवमी. सुमारे १,२०० मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. हत्यार नाही, मारामारी नाही. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. काम थांबलं. पुढे तात्पुरती तडजोड झाली, काही महिने काम बंद राहिलं, आणि डिसेंबर १९२१ मध्ये सत्याग्रह पुन्हा सुरू झाला. लोक तुरुंगात गेले, त्यात बायकाही होत्या. पुण्याहून विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे अशी माणसं या लढ्याशी जोडली गेली. आणि आले पांडुरंग महादेव बापट. लोकांनी त्यांना ‘सेनापती’ म्हणायला सुरुवात केली ती इथेच.

बापट मूळचे पारनेरचे, जन्म १८८० चा. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले, तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध जाहीर बोलले. मग पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची माहिती मिळवली आणि ती भारतात पोचवली. म्हणजे हा माणूस काही जन्मापासून अहिंसावादी नव्हता. मुळशीत त्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला, सुटून पुन्हा आले. आणि ९ डिसेंबर १९२४ ला, जेव्हा आंदोलन जवळजवळ विझलं होतं, तेव्हा त्यांनी साथीदारांना घेऊन धरणाच्या कामाची रेल्वेगाडी रुळांवर दगड रचून अडवली आणि गोळ्या झाडल्या. सात वर्षांची शिक्षा झाली. बाहेर आले १९३१ मध्ये. तोवर धरण उभं होतं, आणि १९२७ पासून पलीकडे कोकणात भिऱ्याच्या केंद्रात वीज तयार होत होती.

ही झाली गोष्ट. आता प्रश्न. मुळशीत हिंसा कुणी केली?

नव्वद टक्के लोक लगेच सांगतील: बापटांनी, त्या डिसेंबरमध्ये. कुणी कौतुकाने सांगेल, कुणी नाक मुरडून. पण उत्तर तेच. मला हे उत्तर अपुरं वाटतं. का, ते सांगण्यासाठी मला तुम्हाला जरा लांब न्यायचंय. आधी इटलीत, मग आपल्याच मावळात. मुळशीला परत येऊ, काळजी करू नका.

हिंसेचा इतिहास लिहिणारे लोक

इतिहासकारांची एक जमात आहे जी आयुष्यभर मारामाऱ्या, खून, दंगली, सूड यांचाच अभ्यास करते. ऐकायला भारी वाटतं, एखाद्या वेब सीरिजसारखं. प्रत्यक्षात हे काम म्हणजे वर्षानुवर्षं दप्तरखान्यात बसणं, पुसट अक्षरं लावणं आणि एकच खटला दहा वेळा वाचणं. या कामाची सगळ्यात गाजलेली जागा म्हणजे पंधराव्या ते सतराव्या शतकातला इटली. कारण सोपं आहे: तिथल्या न्यायालयांनी आणि चर्चच्या चौकशी मंडळांनी प्रचंड कागद मागे ठेवलेत.

एक उदाहरण. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात फ्रिउली नावाचा प्रदेश आहे, त्यात उदिने हे शहर. २७ फेब्रुवारी १५११, कार्निव्हलचा गुरुवार. म्हणजे लोक मुखवटे घालून नाचायचे तो दिवस. त्या दिवशी साव्होर्न्यान या सरदार घराण्याच्या पाठीराख्यांनी विरोधी सरदारांच्या हवेल्या लुटल्या, माणसं कापली. लोण खेड्यांत पसरलं, शेतकऱ्यांनी गढ्या जाळल्या. अमेरिकन इतिहासकार एडवर्ड म्यूर यांनी या एका घटनेवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्यासमोर अडचण अशी की त्या दिवसाची वर्णनं लिहिणारे बहुतेक जण वरच्या वर्गातले. त्यांना शेतकरी म्हणजे पिसाळलेला जमाव वाटायचा. शेतकऱ्याने स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही.

दुसरं नाव कार्लो गिन्झबर्ग. त्याच फ्रिउलीतला एक गिरणीवाला, मेनोकिओ. देव, जग, चर्च यांबद्दल स्वतःच्या डोक्याने काहीबाही बोलायचा. चर्चने त्याची दोनदा चौकशी केली आणि शेवटी १५९९ च्या सुमारास त्याला मारलं. गिन्झबर्ग यांनी १९७६ मध्ये त्याच्यावर पुस्तक काढलं. त्यांच्याकडे होते काय? चौकशी करणाऱ्यांचे कागद. म्हणजे ज्यांनी मारलं, त्यांनीच लिहिलेलं. पण गिन्झबर्ग यांनी त्या कागदांना असे प्रश्न विचारले जे चौकशी करणाऱ्यांनी कधी विचारलेच नव्हते. हा माणूस वाचायचा काय? त्याला हे सुचलं कुठून? आणि मग आरोपीच्या पिंजऱ्यातून एक जिवंत माणूस बाहेर आला.

यातून घ्यायचं ते एवढंच. हिंसेचा कागद जो लिहितो, तो बहुतेक वेळा मार खाणारा नसतो. म्हणून कागद वाचताना दोन गोष्टी बघायच्या: त्यात काय लिहिलंय, आणि हा कागद मुळात कुणाच्या कामासाठी लिहिला गेलाय.

हेच आपल्याकडे

हे फक्त इटलीचं नाही बरं का. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या आपल्या मावळाकडे बघा. मुठा खोरं, मोसे खोरं, पौड खोरं, हा सगळा पट्टा. देशमुखी आणि पाटिलकीच्या वतनांवरून भाऊबंदकी, तंटे, खूनसुद्धा होत होते. हे आपल्याला कळतं ते महजर, करीने, निवाडे अशा कागदांमुळे. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणारे वि. का. राजवाडे असे कागद शोधत गावोगाव, वाड्यावाड्यांतून पायपीट करत फिरले. पण त्या घराण्यांनी हे कागद तीनशे वर्षं जपले कशासाठी? इतिहासाच्या प्रेमापोटी नाही. वतनाचा हक्क सिद्ध करायला लागतात म्हणून. ज्याचं वतनच नव्हतं त्याच्याकडे जपण्यासारखा कागदही नव्हता.

एक ओळखीचं उदाहरण देतो. रांझे गावच्या पाटलाला शिवाजी महाराजांनी हातपाय तोडण्याची शिक्षा दिली, ही गोष्ट तुम्ही शाळेपासून ऐकलीय. त्याबद्दलचं २८ जानेवारी १६४६ चं पत्र उपलब्ध आहे. त्यात पाटलाचं नाव आहे, शिक्षा आहे, आणि त्या पांगळ्या झालेल्या माणसाला सांभाळायला पुढे आलेल्या नातेवाइकाला पाटिलकी दिल्याचं आहे. गुन्ह्यासाठी शब्द आहे ‘बदअमल’, म्हणजे गैरवर्तन. ज्या व्यक्तीवर अन्याय झाला, तिचं नाव त्यात नाही. महाराजांनी न्याय केला, कडक केला. पण पत्राचं काम होतं पाटिलकी कुणाकडे जाणार हे नोंदवणं. म्हणून त्यात पाटील आहे, पुढचा पाटील आहे, आणि जिच्यासाठी हे सगळं घडलं ती कागदाच्या बाहेर राहिली.

आता हीच नजर घेऊन परत मुळशीला येऊ.

मुळशीचे कागद

मुळशीच्या लढ्यात कोणकोणती कागदपत्रं तयार झाली असतील? बापटांवरचा खटला, पोलिसांचे अहवाल. ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’ यांसारख्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या आणि अग्रलेख. पुढाऱ्यांची भाषणं आणि आठवणी. आणि भूसंपादनाची दप्तरं.

यातलं पहिलं सगळ्यात चटपटीत. गाडी, दगड, पिस्तूल. तारीख पक्की, आरोपी पक्का, शिक्षा पक्की. गोष्ट सांगणाऱ्याला आणखी काय हवं? आणि शेवटचं सगळ्यात रटाळ. सर्व्हे नंबर, आकार, खातेदार, रक्कम. कोण वाचतंय?

पण माझ्या मते मुळशीची खरी गोष्ट त्या रटाळ ढिगाऱ्यात आहे. त्यासाठी एक कायदा समजून घ्यावा लागेल. दोन मिनिटं द्या.

१८९४ चा भूसंपादन कायदा. सरकारने एकदा जाहीर केलं की ही जमीन सार्वजनिक कामासाठी हवी आहे, की ते जाहीर करणं हाच अंतिम पुरावा. काम खरंच सार्वजनिक आहे का, हा वाद कोर्टात घालता येत नसे. खासगी कंपनीसाठीही सरकार करार करून अशी जमीन घेऊन देऊ शकत असे. शेतकरी कोर्टात कशासाठी जाऊ शकत होता? मोजणी चुकली म्हणून. रक्कम कमी आहे म्हणून. पैसे भलत्यालाच दिले म्हणून. म्हणजे किती पैसे आणि कुणाला, एवढंच. ‘मला जमीन द्यायचीच नाही’ हे म्हणायला कायद्यात रकानाच नव्हता. संपादनालाच हरकत घेऊन सुनावणी मागण्याचं कलम, ५-अ, या कायद्यात आलं १९२३ च्या दुरुस्तीने. रामनवमीला मावळे धरणावर जाऊन बसले ते १९२१ मध्ये.

आता त्या बसण्याचा अर्थ बघा. कायद्यात ज्या वाक्याला जागा नव्हती, ते वाक्य त्यांनी अंगाने बोललं. मी विकत नाही. जान किंवा जमीन.

आणि त्याच कायद्यात अजून एक तरतूद होती. बाजारभाव ठरला की त्यावर १५ टक्के जास्त द्यायचे. कशाबद्दल? संपादन सक्तीचं आहे याबद्दल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं. कायदाच मान्य करतोय की आम्ही तुमच्यावर सक्ती करतोय, आणि त्या सक्तीचा दर लावतोय शंभराला पंधरा.

आजोबांनी बांधलेलं खाचर, देवीचं ठाणं, पाण्याची वाट, शेजार. या सगळ्याच्या तुटण्याचा हिशेब पंधरा टक्क्यांत. आणि तोही खातेदाराला. ज्याचं नाव सरकारी कागदावर मालक म्हणून आहे त्याला. जो दुसऱ्याच्या शेतात राबतो, जो बलुतं घेऊन गावाचं काम करतो, त्याचं गाव गेलं तर त्याचं काय? त्याच्यासाठी या हिशेबात फारसं काहीच नव्हतं.

म्हणून मी म्हणतो, मुळशीत हिंसा १९२४ मध्ये सुरू झाली नाही. ती आधीच सुरू होती, शांतपणे, शिक्क्यानिशी. फरक एवढाच की एका हिंसेवर खटला भरला गेला आणि दुसरीची पावती फाडली गेली.

व्होरा सरांनी काय केलं

हे सगळं गंभीरपणे मांडणारे अभ्यासक म्हणजे डॉ. राजेंद्र व्होरा. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक. महाराष्ट्राचं राजकारण, निवडणुका, कुठल्या जातीच्या आणि वर्गाच्या हातात सत्ता आहे, हा त्यांचा नेहमीचा प्रांत. सुहास पळशीकर यांच्याबरोबर त्यांनी ‘महाराष्ट्रातील सत्तांतर’ लिहिलं. असा माणूस सत्तर वर्षांपूर्वीच्या सत्याग्रहाकडे वळला आणि १९९४ मध्ये त्याचं मराठी पुस्तक आलं, ‘मुळशी सत्याग्रह’. तो काळ आठवा: नर्मदेचं आंदोलन पेटलं होतं, १९९३ मध्ये महाराष्ट्राच्या हद्दीतलं मणिबेली पाण्याखाली जाऊ लागलं होतं. नर्मदेत जे प्रश्न विचारले जात होते ते मुळशीत आधीच विचारले गेले होते, आणि ते विसरले गेले होते. पुढे याच विषयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. ते बघायला व्होरा सर नव्हते, २००८ मध्येच ते गेले. त्या पुस्तकाच्या नावातच त्यांचा दावा आहे: मुळशी हे जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन.

पण मला त्यांचं मोठेपण त्या ‘पहिलं’ या शब्दात वाटत नाही. असे शब्द व्हॉट्सॲपवर फिरायला बरे असतात. त्यांचं मोठेपण यात आहे की त्यांनी गौरवगाथा लिहिली नाही. त्यांनी राज्यशास्त्रवाल्याचा कोरडा प्रश्न विचारला: यात कोण कोण होतं आणि कुणाचं काय जात होतं?

आणि उत्तर गैरसोयीचं निघालं. मुळशी पेट्यातली पुष्कळ जमीन सावकारांकडे गेलेली होती. कसणारा मावळा, पण कागदावर मालक सावकार, आणि त्यातले बरेच पुण्यात राहणारे. धरण आलं तर सावकाराचं काय जाणार? डोंगरातली, वसुलीला त्रासाची जमीन जाऊन हातात रोख मोबदला येणार. त्याच्या दृष्टीने तोटा कुठे आहे? कसणाऱ्याचं मात्र सगळंच जाणार. म्हणजे ‘मुळशीकर विरुद्ध टाटा’ अशी सरळ लढाई नव्हतीच. एकाच जमिनीवर उभ्या असलेल्या दोन माणसांचं हित उलट दिशेला होतं.

त्यात पुढारी पुण्याचे, बहुतेक ब्राह्मण, मध्यमवर्गीय. लढणारे मावळे. आणि काळ असा की महाराष्ट्रात ब्राह्मणेतर चळवळ जोरात होती. पुढाऱ्यांचंही एकमत नव्हतं. कुणाला धरणच नको होतं, कुणाला वाटायचं की चांगला मोबदला मिळाला तर मिटवून टाकावं. गांधीजींनी एप्रिल १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’त मुळशीबद्दल सहानुभूतीने लिहिलं आणि टाटांनी फेरविचार करावा असं सुचवलं. पुढे मात्र ते या लढ्यापासून दूर राहिले.

म्हणजे शेतकरी का हरले? कंपनी मोठी होती, सरकार तिच्या मागे होतं, हे तर आहेच. पण शेतकऱ्यांच्या बाजूला उभे असलेले सगळे एकाच गोष्टीसाठी उभे नव्हते, हेही आहे. कुणालाही पूर्ण खूश न करणारं हे सत्य आहे. टाटांचे चाहते नाराज, सत्याग्रहाचे चाहते नाराज. असं लिहायला वर्षं लागतात, आणि टाळ्या कमी मिळतात.

मग बापटांचं काय?

इथे काही ऐकणारे म्हणतील, ‘अच्छा, म्हणजे तुम्ही बापटांच्या गोळ्यांचं समर्थन करताय.’ नाही. थांबा.

बापटांची स्वतःची एक मांडणी होती, तिला ते ‘शुद्ध सत्याग्रह’ म्हणत. त्यांच्या लेखी सत्याग्रहाची शुद्धता हत्यार हातात घेतलं की नाही यावर ठरत नव्हती. जे केलं ते उघड करायचं, लपायचं नाही, आणि होईल ती शिक्षा अंगावर घ्यायची, यावर त्यांचा भर होता. गांधीजींच्या सत्याग्रहापेक्षा हा रस्ता वेगळा आहे. आणि या माणसाच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. सात वर्षं ही काही भाषणात सांगायची गोष्ट नाही, ती जगावी लागतात.

पण ‘कागद कुणाचा?’ हा प्रश्न आपण सरकारला विचारला, तर तो बापटांनाही विचारायला हवा. ती गाडी कुणाची होती? धरणाच्या कामाची. धरणाच्या कामावर असतात कोण? कंपनीचे संचालक नसतात. असतात मजूर, गाडी चालवणारे, मुकादम. पोटासाठी कुठून कुठून आलेली माणसं. त्यांच्याकडेही बहुधा जमीन नव्हती, असती तर धरणावर माती वाहायला आली नसती. बापटांचं चरित्र आहे, रस्ता आहे, पुतळे आहेत. मावळ्यांसाठी निदान ‘मावळे’ हा मोठा शब्द आहे. त्या गाडीतल्या माणसांसाठी आपल्याकडे कुठला शब्द आहे? ते उदिनेच्या शेतकऱ्यांसारखे, रांझ्याच्या पत्रातल्या त्या अनाम व्यक्तीसारखे. गोष्टीत आहेत, पण नावाशिवाय.

म्हणून माझं म्हणणं असं. दोन्ही हिंसा मोजायच्या. एक मोजली म्हणून दुसरी माफ होत नाही. सरकारने आणि कंपनीने कायद्याच्या आधाराने केलेली सक्ती मोठी होती, हजारो लोकांवर होती, कायमची होती, आणि तिची शिक्षा कुणालाही झाली नाही. बापटांची कृती एका दिवसाची होती, तिने धरण थांबलं नाही, आणि तिची पूर्ण किंमत त्यांनी मोजली. दोन्ही एका मापाच्या नाहीत. पण दोन्ही वहीत लिहायला हव्यात.

हे जुनं झालं का?

ही हजारो माणसं कुठे गेली, याची जबाबदारी त्या काळात कुणावरही नव्हती. मोबदला दिला की सरकारचं काम संपलं. ‘पुनर्वसन’ हा शब्दच कायद्यात नव्हता. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला १९७६ मध्ये. म्हणजे मुळशीनंतर पन्नास वर्षांनी. १८९४ चा तो कायदा तर आपण स्वातंत्र्यानंतरही वापरत राहिलो. सक्तीचे ते १५ टक्के १९८४ मध्ये ३० झाले. आणि कायदाच बदलला तो २०१३ मध्ये. नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात मोबदल्याइतकीच रक्कम वर द्यायची, म्हणजे शंभर टक्के. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती. आणि जमीन नसलेल्या पण त्या जमिनीवर पोट असलेल्या कुटुंबांचीही दखल. १९२१ मध्ये मावळे जे अंगाने बोलले होते ते वाक्य कायद्यात यायला ९२ वर्षं लागली.

आता मुळशी तालुक्याकडे बघा. हिंजवडीची आयटी पार्क याच तालुक्यात. लवासाही इथलंच. पुण्याच्या रिंगरोडसाठी इथेही जमीन गेली. सगळीकडची गोष्ट सारखी नाही, काही ठिकाणी शेतकऱ्याला चांगले पैसे मिळाले, त्याने बंगला बांधला, गाडी घेतली. काही ठिकाणी भलतंच झालं. पण प्रत्येक ठिकाणी तेच तीन प्रश्न लागू पडतात, जे व्होरा सरांच्या पुस्तकातून आणि त्या इटलीवाल्या मंडळींकडून मी उचललेत. सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे आणि कसतंय कोण? ‘नाही’ म्हणायची सोय आहे का, की फक्त ‘किती’ म्हणायची? आणि उद्या याचा इतिहास लिहायचा झाला तर कुणाचा कागद शिल्लक असेल?

तिसरा प्रश्न तुमच्या हातात आहे, अक्षरशः. १९२१ च्या मावळ्याकडे लिहायला पाटी नव्हती. तुमच्याकडे फोन आहे. तुमच्यापैकी कुणाची आजी, पणजी मुळशीतून उठून आलेल्या घरातली असेल. किंवा कोयनेच्या, पानशेतच्या, उजनीच्या पाण्यातून. पुढच्या वेळी गावी गेलात की रेकॉर्डर चालू करा आणि विचारा. मोठे प्रश्न नको. घर कसं होतं? विहीर कुठे होती? निघालात त्या दिवशी काय काय उचललंत? पैसे कुणाच्या हातात आले? आणि कुणाला काहीच मिळालं नाही? तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं नाव नोंदवून ठेवा. त्यांची परवानगी घेऊन, अर्थातच.

शंभर वर्षांनी कुणीतरी या सगळ्याचा इतिहास लिहायला बसेल. त्याच्यासमोर सरकारचा कागद असेलच, कंपनीचाही असेल. तिसरा कागद असेल की नाही, ते आपल्यावर आहे.

आजचा भाग इथे थांबवतो. ज्यांच्या घरात मुळशीची आठवण आहे त्यांनी जरूर कळवा, त्यावर एक वेगळा भाग करायला मला आवडेल. आणि पुढच्या वेळी एसबी रोडच्या सिग्नलला अडकलात, तर शेजारच्याला विचारा, सेनापती कशाचे ते. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!